ई-पुस्तकाची प्रत आणि देवाणघेवाण

छापील पुस्तक दुसऱ्याला दिले की ते देणाऱ्याच्या कपाटातून जाते. फाइल पाठवली तर ती दोघांकडेही राहते, म्हणजे ई-पुस्तक देणे हीच नवी प्रत काढणे ठरते. दोन्ही प्रकारच्या पुस्तकांना लागू होणारे नियम वेगळे पडले, ते यामुळे.

छापील पुस्तकाची नक्कल करणे कष्टाचे असते. तीनशे पानांचे पुस्तक झेरॉक्स यंत्राच्या काचेवर पान पान दाबून धरावे लागते, शिवणीजवळच्या ओळी काळ्या पडतात आणि बाइंडिंग धरून खर्च कधी कधी मूळ किमतीला भिडतो. पदपथांवर विकल्या जाणाऱ्या नकली आवृत्त्यांनाही छापखाना लागतोच. विकत घेतलेली प्रत देऊन टाकायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातील कलम १४ नुसार प्रती वितरित करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा असला, तरी आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये हेच तत्त्व मान्य केले. रद्दीवाल्याकडची जुनी पुस्तके, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील वापरलेली क्रमिक पुस्तके, गल्लीतली वाचनालये हा सगळा व्यवहार याच तत्त्वावर चालतो.

ई-पुस्तकाची फाइल, उदाहरणार्थ एपब, म्हणजे एकत्र बांधलेली वेबपाने. चित्रे नसलेली कादंबरी बहुधा एका एमबीतही मावते, आणि तिची शंभरावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ असते. यावर उपाय म्हणून प्रकाशक डीआरएम नावाचे डिजिटल कुलूप लावतात. त्यात मजकूर सांकेतिक रूपात ठेवलेला असतो आणि तो उलगडणारी किल्ली वाचकाच्या खात्याशी किंवा उपकरणाशी जोडलेली असते. ज्याला चोरीच करायची आहे तो हे कुलूप तोडतो, नाहीतर पडद्यावरची पाने टिपून घेतो. अडतो तो पैसे मोजलेला वाचक, ज्याला वाचून झालेले पुस्तक फक्त बहिणीला द्यायचे असते.

शिवाय वाचकाला बहुतेक वेळा पुस्तक नव्हे, वाचण्याचा परवाना विकलेला असतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडल या वाचन-उपकरणांमधून परस्पर काढून घेतल्या, कारण विक्रेत्याकडे त्यांचे अमेरिकेतील हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण दुकानदार घरात शिरून कपाटातले पुस्तक नेऊ शकतो, हे त्यातून दिसले. त्या दोनपैकी एक कादंबरी होती ‘१९८४’, जिच्यात सरकार नकोसा मजकूर नाहीसा करते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तक-दुकान बंद केले, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. तेथेही परतावा देण्यात आला.

ग्रंथालयांना ही अडचण अधिक जाचते. हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयांच्या ई-पुस्तकांना २६ वेळांची मर्यादा घातली. तेवढ्यांदा पुस्तक दिले की परवाना पुन्हा विकत घ्यायचा. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने वापरलेल्या ई-पुस्तकांच्या विक्रीला हक्कधारकाची परवानगी आवश्यक ठरवली.

मराठीत फिरतात त्या प्रामुख्याने पीडीएफ, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून. त्यांतल्या बऱ्याच स्कॅन केलेल्या असतात. काही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या असतात. अशा फाइलमधला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. अख्खी फाइल क्षणात पोहोचते, आतली एक ओळ मात्र नीट निघत नाही आणि शोधताही येत नाही. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या छोट्या असतात, त्यामुळे नव्या पुस्तकाची अशी फुकट वाटणी लेखकाला थेट लागते. दुर्मीळ, पुनर्मुद्रण न होणाऱ्या पुस्तकांबाबत हाच मार्ग पुष्कळांना एकमेव वाटतो, आणि त्यांची निकड खरी आहे.

कायदेशीर वाटाही आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने ई-पुस्तके विनामूल्य देते. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ पासून मुक्त आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार प्रताधिकारभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी ते उघडण्याची मुभा त्याच कलमात आहे.