रंग बदलणे स्वस्त, रुंदी बदलणे महाग

एखादे बटण दाबताच वेबपानाची पार्श्वभूमी काळी होते, तेव्हा ते पान सर्व्हरवरून नव्याने आलेले नसते. पान उघडताना ब्राउझर त्यातील प्रत्येक घटकाची नोंद मेमरीमध्ये एका वृक्षाच्या रूपात ठेवतो. या रचनेला ‘डॉम’ म्हणतात. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा, त्यातला हवा तो घटक गाठून त्याच्या ‘स्टाइल’मध्ये, म्हणजे रंग-रुंदीसारख्या रूपाच्या नोंदीत, नवे मूल्य लिहिते. ही पद्धत २००० साली डॉमच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रमाणित झाली; त्याआधी नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरांसाठी निरनिराळा कोड लिहावा लागे.

थेट घटकावर लिहिलेली शैली स्टाइलशीटमधील, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम एकत्र ठेवणाऱ्या यादीतील, सर्वसाधारण नियमांना डावलते. हे सोयीचे खरे, पण पान मोठे झाले की कोणता रंग कुठून आला याचा माग काढताना जीव मेटाकुटीस येतो. म्हणून रूपाचे वर्णन स्टाइलशीटमध्येच ठेवावे आणि कोडने घटकाला फक्त क्लास (ते नियम ज्याला लागू होतात असे नाव) जोडावा किंवा काढावा, हेच बरे.

मूल्य लिहिले त्या क्षणी पडद्यावर मात्र काहीच हलत नाही. ब्राउझर बदलाची नोंद घेतो आणि चालू कोड संपल्यावर पुढच्या फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरील पुढच्या चित्राच्या, वेळी शैली ठरवणे, मांडणी मोजणे, रंगवणे आणि थर एकत्र करणे ही कामे ओळीने उरकतो. सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर त्याला यासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. केवळ रंग बदलला तर मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही. रुंदी बदलली तर ओळी नव्याने तुटतात, खालचे परिच्छेद सरकतात आणि कधीकधी सबंध पानाचा हिशेब पुन्हा करावा लागतो. ‘ट्रान्सफॉर्म’ (घटक सरकवणे, फिरवणे) व ‘ओपॅसिटी’ (अपारदर्शकता) यांचे बदल बहुधा थर एकत्र करण्याच्या टप्प्यातच निभावतात. घटक सरकवण्याच्या ॲनिमेशनसाठी त्यांना पसंती मिळते ती यामुळेच.

खरी मेख मोजमाप वाचण्यात आहे. समजा, शंभर परिच्छेदांच्या लूपमध्ये (एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक वेळी आधी रुंदी बदलली आणि लगेच ‘ऑफसेटहाइट’, म्हणजे घटकाची उंची, विचारली. उंची अचूक सांगायची तर ब्राउझरला मांडणी पुढे ढकलता येत नाही. ती जागच्या जागी, आणि तीही शंभर वेळा, मोजावी लागते. सगळ्या रुंद्या एका लूपमध्ये बदलून मग दुसऱ्या लूपमध्ये उंच्या विचारल्या, तर तेच काम एका मोजणीत भागते, कारण मधे काहीच न बदलल्यामुळे पहिल्या उंचीसाठी केलेला हिशेब उरलेल्या नव्व्याण्णवांनाही लागू पडतो.