द मॅम्बो किंग्ज

न्यूयॉर्कला नशीब काढायला आलेल्या दोन क्यूबन संगीतकार भावांची कथा सांगणारा अमेरिकन चित्रपट (1992). दिग्दर्शक आर्नी ग्लिमचर, पटकथा सिंथिया सिद्रे, छायालेखन मिखाएल बालहाउस. आर्मांड असांटे (सेसार कास्तियो), अँटोनिओ बँडेरास (नेस्तोर कास्तियो), कॅथी मोरिआर्टी (लॅना), मारुश्का डेटमर्स (दोलोरेस) आणि रॉस्को ली ब्राउन (फर्नांदो पेरेझ) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. ऑस्कर इहुएलोस यांच्या 1989 सालच्या ‘द मॅम्बो किंग्ज प्ले साँग्ज ऑफ लव्ह’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. या कादंबरीला 1990 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथात्म साहित्यासाठी ते मिळवणारे इहुएलोस हे पहिले लॅटिनो लेखक होत. ग्लिमचर हे मूळचे चित्रकलेच्या जगातले, न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध पेस गॅलरीचे संस्थापक. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट.

कथानक 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचे आहे. हवानातल्या एका क्लबच्या गुंड मालकाशी हिंसक झटापट झाल्यावर सेसार आणि त्याचा धाकटा भाऊ नेस्तोर शहर सोडतात. झटापटीचे मूळ नेस्तोरची प्रेयसी मारिया. नेस्तोरचा जीव वाचावा म्हणून तिने त्या मालकाशी लग्न केलेले असते. सेसारला हे ठाऊक आहे, पण तो भावाला सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये दिवसा कष्टाची कामे आणि रात्री वाद्ये असा दोघांचा क्रम सुरू होतो. सेसार बोलका, रंगेल, स्टेजवर चढताच सभागृह ताब्यात घेणारा. नेस्तोर अबोल. हातात ट्रम्पेट आणि मनात मारिया, एवढेच त्याचे जग. तिच्यासाठीचे एकच गाणे तो पुन्हा पुन्हा लिहीत राहतो. पुढे तो दोलोरेसशी लग्न करतो. ती घरकाम करून पोट भरते आणि शिक्षिका होण्याचे स्वप्न बाळगते. लग्नानंतरही ते गाणे त्याला सोडत नाही. इकडे पेरेझ या बड्या धंदेवाल्याच्या दावणीला बांधून घ्यायला सेसार नकार देतो, आणि चांगली कामे मिळेनाशी होतात. ऐन उमेदीत बर्फातल्या एका मोटार अपघातात नेस्तोरचा मृत्यू होतो. ज्या भावाच्या वतीने आपण सगळे निर्णय घेतले तो भाऊच उरला नाही, हे ओझे घेऊन सेसारला पुढचे आयुष्य काढायचे असते.

चित्रपटाचा गाभा मात्र अपघातात नसून त्याआधीच्या एका प्रसंगात आहे. एका रात्री क्यूबन गायक-नट देसी अर्नाझ दोघा भावांचे गाणे ऐकतो आणि त्यांना आपल्या ‘आय लव्ह लुसी’ या मालिकेत बोलावतो. 1951 ते 1957 या काळात अमेरिकेच्या घराघरात पाहिल्या गेलेल्या या विनोदी मालिकेत अर्नाझ रिकी रिकार्डो या क्यूबन बँडमास्तरची भूमिका करत असे. कास्तियो बंधू रिकीचे क्यूबाहून आलेले नातलग म्हणून दारात उभे राहतात, चार वाक्ये बोलतात, एक गाणे गातात, आणि भाग संपतो. त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे यश ते एवढेच: दुसऱ्याच्या मालिकेतली काही मिनिटांची पाहुणचाराची जागा. ती जागा त्यांना मिळते, कारण ती मालिका चालवणारा माणूसही त्यांच्याच बेटावरून आलेला आहे. स्थलांतरित कलावंताच्या वाट्याला येणाऱ्या यशाचे इतके नेमके चित्र अमेरिकी सिनेमात क्वचितच दिसते. प्रसंगाची बांधणीही लक्षात राहण्यासारखी आहे. मालिकेत रिकीची पत्नी लुसी झालेल्या लुसिल बॉलच्या मूळ चित्रणात नवे चित्रण गुंफून तो उभा केला आहे. अर्नाझच्या भूमिकेत आहे त्याचा खरा मुलगा, देसी अर्नाझ ज्युनियर. या मुलाचा जन्म 19 जानेवारी 1953 चा. त्याच दिवशी मालिकेत रिकी-लुसीच्या बाळाच्या जन्माचा भाग दाखवला गेला होता.

अर्नाझचा स्वतःचा प्रवासही याच गोष्टीचा भाग म्हणून पाहायला हवा. सांतियागो दे क्यूबाच्या एका वजनदार राजकीय घराण्यात तो 1917 मध्ये जन्मला. 1933 च्या क्रांतीत घराण्याचे सर्व काही गेले आणि तो मायामीला आला. ‘बाबालू’ हे गाणे त्याची ओळख बनले. मार्गारिता लेकुओना यांची ही रचना आफ्रो-क्यूबन देवतेला उद्देशून आहे.

चित्रपटातले भाऊ न्यूयॉर्कला पोहोचतात तेव्हा मॅम्बो तिथे रुजलेला आहे. या संगीताची पाळेमुळे क्यूबात. फ्लूटवादक आर्कान्यो यांच्या वाद्यवृंदासाठी ओरेस्तेस लोपेझ यांनी 1938 मध्ये ‘मॅम्बो’ नावाची दान्सोन रचना केली. त्यांचे धाकटे बंधू, बासवादक इस्राएल ‘काचाओ’ लोपेझ, हेही या घडणीत बरोबरीचे भागीदार. दान्सोन हे तसे शिष्ट, घरंदाज नृत्यसंगीत. त्याच्या शेवटच्या भागात या दोघांनी आफ्रिकी वळणाची, पुन्हा पुन्हा येणारी लय मोकळी सोडली. पुढे पेरेझ प्रादो यांनी मेक्सिकोत जाऊन तिला कडक पितळी वाद्यांचा साज चढवला. त्यांचा ‘मॅम्बो नंबर 5’ 1949 मध्ये ध्वनिमुद्रित झाला. 1955 मध्ये त्यांनी वाजवलेली ‘चेरी पिंक’ ही चाल अमेरिकी विक्रीयादीत दहा आठवडे अव्वल राहिली.

न्यूयॉर्कची धार वेगळी होती. ट्रम्पेटवादक मारिओ बाउसा 1930 मध्ये तिथे आले आणि चिक वेब, कॅब कॅलोवे यांच्या जाझ बँडमध्ये तयार झाले. त्यांचे मेहुणे, गायक माचितो, 1937 मध्ये आले. 1940 मध्ये या दोघांनी बँड उभारला आणि त्याचे नाव ठेवले ‘आफ्रो-क्यूबन्स’. काळेपण लपवण्यातच धंद्याचे शहाणपण मानले जाई, अशा काळात ते नाव फलकावर लावणे हे मोठे धाडस होते. हवानाचे ताल आणि हार्लेमची जाझ यांचे जे लग्न लागले, ते या बँडमध्ये. माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रॉद्रिगेझ हे या काळाचे तीन मानकरी. त्यांचे घर म्हणजे ब्रॉडवे आणि 53 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे पॅलेडियम. काळे, गोरे, पोर्तो रिकन, इटालियन, ज्यू असे सगळे तिथे एकाच फरशीवर नाचत, आणि कोण चांगले नाचतो यावर माणसाची पत ठरे. हे सभागृह 1966 मध्ये बंद पडले.

पॅलेडियमची रात्र चित्रपटात उत्तम उतरली आहे. नवखा सेसार स्टेजवर चढतो आणि पुएन्तेच्या बरोबरीने तालवाद्यांवर भिडतो. पुएन्ते स्वतःच स्वतःच्या भूमिकेत आहेत. तिंबालेस हे तालवाद्य बँडच्या मागच्या रांगेतून पुढे आणून उभ्याने वाजवायची रीत त्यांनी रूढ केली, आणि पडद्यावर ते तसेच दिसतात. हा प्रसंग ऐकताना ‘क्लावे’कडे कान द्यावा: दोन मात्राखंडांत वाटलेले पाच ठोके, एकीकडे तीन आणि दुसरीकडे दोन. कोंगा, बोंगो, पियानो, ट्रम्पेट सारे या पाच ठोक्यांना धरून चालतात. हे ठोके ज्यांवर वाजवतात त्या क्लावेच्या काठ्या प्रत्यक्ष वाजत नसल्या तरी वादकांच्या मनात ते ठोके चालूच असतात. आपल्याकडचा तबलजी ठेका सोडून मोकळा वाजवत असताना त्याच्या मनात सम पक्की असते, तसेच हे.

न्यूयॉर्कच्या एका क्लबच्या मालकिणीची भूमिका क्यूबन गायिका सेलिया क्रूझ यांनी केली आहे. चित्रपटातले भाऊ 1959 च्या क्रांतीपूर्वी आलेले, तर क्रूझ 1960 मध्ये देशाबाहेर पडलेल्या. 1962 मध्ये आई वारली तेव्हाही त्यांना क्यूबात येऊ दिले नाही. पडद्यावर त्या गायला लागल्या की कथेतल्या काल्पनिक विरहामागे एक खरा विरह उभा राहतो. ध्वनिपटलावर वाजवणारे ट्रम्पेटवादक आर्तुरो सांदोव्हाल यांनीही 1990 मध्येच क्यूबा सोडली होती.

चित्रपटाची खरी उणीव पात्रनिवडीत आहे. दोन्ही नायक क्यूबन नाहीत. असांटे न्यूयॉर्कचे, बँडेरास स्पेनमधल्या मालागाचे. बँडेरास यांचा हा पहिला अमेरिकी चित्रपट. इंग्रजी येत नसल्याने त्यांनी संवाद उच्चारांवरून पाठ केले. त्यांच्या बाबतीत ही अडचण उपकारक ठरली, कारण नेस्तोरचे परक्या भाषेत अडखळणे अभिनयाने आणावे लागले नाही. परंतु मॅम्बो ज्यांनी घडवला ते बहुतेक कृष्णवर्णी संगीतकार कथेत कडेलाच राहतात, आणि बाउसा-माचितो यांचा इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकाला हे टोचल्याशिवाय राहत नाही.

नेस्तोरचे गाणे, ‘ब्युटिफुल मारिया ऑफ माय सोल’, हा मॅम्बो नव्हे. तो बोलेरो आहे, म्हणजे संथ लयीतले विरहगीत. संगीत रॉबर्ट क्राफ्ट यांचे, शब्द ग्लिमचर यांचे. ते स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत येते. बँडेरास यांनी स्पॅनिश रूप गायले आणि लॉस लोबोस या बँडनेही ते ध्वनिमुद्रित केले. सर्वोत्तम मूळ गीताच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले. लिंडा रॉनस्टॅट, पुएन्ते आणि क्रूझ यांच्या आवाज-वाद्यांनी सजलेला या चित्रपटाचा ध्वनिसंग्रह स्वतंत्रपणे ऐकण्याच्या तोडीचा आहे.

कादंबरी आणि चित्रपट यांत मोठे अंतर आहे. कादंबरीत म्हातारा सेसार 1980 मध्ये ‘हॉटेल स्प्लेंडर’च्या खोलीत दारू पीत, जुनी तबकडी लावून सारे आयुष्य आठवतो. भावाच्या मृत्यूनंतरची दोन-अडीच दशके, इमारतीची देखभाल करण्याची नोकरी, खचत गेलेले शरीर, हे सारे तिथे विस्ताराने येते. चित्रपट हा उतरणीचा काळ जवळजवळ पूर्ण गाळतो. त्यामुळे कथा घट्ट झाली, पण कादंबरीची सर्वांत जड बाजू गेली. इहुएलोस स्वतः 1951 मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्यूबन आईवडिलांच्या पोटी जन्मले, आणि ती उतरण त्यांनी शेजारापाजारात पाहिलेली होती.

न्यूयॉर्कमध्ये मॅम्बो गाजत होता त्याच सुमारास क्यूबन वाद्ये मुंबईतही पोहोचली होती. ‘अलबेला’ (1951) मधल्या ‘शोला जो भडके’साठी सी. रामचंद्र यांनी बोंगो वाजवून घेतला. मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांत ही धाटणी खेळवण्यात चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता.

‘द मॅम्बो किंग्ज’ला तिकीटबारीवर फारसे यश मिळाले नाही. बँडेरास यांच्यासाठी मात्र हॉलिवूडचे दार उघडले आणि पुढच्याच वर्षी ते ‘फिलाडेल्फिया’त दिसले. या कथेचे संगीतनाट्य 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाले, पण ठरलेले ब्रॉडवेचे प्रयोग रद्द झाले. इहुएलोस यांनी 2010 मध्ये ‘ब्युटिफुल मारिया ऑफ माय सोल’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात हीच कहाणी मारियाच्या बाजूने सांगितली आहे.