एच पायलोरी: रक्ताची टेस्ट वेगळी, शौचाची टेस्ट वेगळी

एच पायलोरी म्हणजे पोटात राहणारा, अल्सर करू शकणारा जंतू. दर आठवड्याला कोणीतरी रक्ताच्या रिपोर्टचा तोच फोटो पाठवतं, एच पायलोरी आयजीजी (रक्तातली अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, खाली लालमध्ये आकडा, आणि प्रश्न एकच, "अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला तरी जंतू गेला नाही, आता काय?" अरे पण ही टेस्ट जंतू बघतच नाही!

रक्ताची टेस्ट सगळ्यांना माहितीये, दंडाला पट्टा, सुई, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट. त्यात दिसतात अँटीबॉडीज, म्हणजे शरीराने कधीतरी या जंतूशी मारामारी केली होती एवढीच खूण. कांजिण्यांचा वण असतो ना कपाळावर, तसं. वण आहे म्हणून आज कांजिण्या आहेत असं कोणी म्हणतं का? जंतू मेला तरी या अँटीबॉडीज कित्येक महिने, कधीकधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आणि आपल्याकडे हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही त्रासही होत नाही, त्यामुळे दहा जणांचं रक्त तपासलं तर किती पॉझिटिव्ह निघतील त्याचा अंदाज तुम्हीच करा.

शौचाची अँटिजेन टेस्ट मात्र जंतूचेच तुकडे शोधते, म्हणजे तो आत्ता पोटात आहे का ते कळतं. श्वासाची टेस्ट पण त्याच कामाची. हा जंतू युरियाचे तुकडे करून अमोनिया बनवतो आणि त्याच्या आडोशाने अ‍ॅसिडमध्ये तग धरतो, म्हणून खुणेचा कार्बन घातलेला युरिया प्यायला देतात आणि तो कार्बन श्वासातून बाहेर आला की समजायचं बाबाजी घरात आहेत. दुर्बिणीने जठराच्या अस्तराचा तुकडा काढून तपासतात तीही आत्ताचीच तपासणी. मला विचाराल तर शौचाची, दुर्बिणीपेक्षा स्वस्त पडते आणि डबी न्यायला लाज वाटते एवढाच काय तो त्रास.

आमच्या आत्याने रक्ताच्या रिपोर्टवरून १४ दिवसांचा कोर्स दोनदा घेतला, दोनदा! तोंडाला ती धातूची कडू चव, मळमळ, जेवण नको, आणि दुसऱ्यांदा घ्यायची गरज होती का हे कोणी तपासलंच नव्हतं. अँटिबायोटिक उगाच घेतलं की रेझिस्टन्स वाढतो ते वेगळंच, भारतात मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला हा जंतू आधीच बराच निर्ढावलाय, म्हणून हल्ली बिस्मथ घातलेला चार औषधांचा कोर्स देतात (त्याने शौच काळं होतं, घाबरू नका, पण बिस्मथ चालू नसताना काळं डांबरासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा).

आता शौचाच्या टेस्टमधली गंमत. रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिड कमी करणारी गोळी) घेणारे आपण लोक, ती गोळी चालू ठेवून टेस्ट केली तर जंतू दबतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून ती गोळी २ आठवडे बंद, आणि अँटिबायोटिक, बिस्मथ संपून निदान ४ आठवडे झालेले हवेत. बंद करताना डॉक्टरांना विचारा, अल्सर असेल तर स्वतःच्या मनाने नको. रक्ताच्या टेस्टला या गोळीने फरक पडत नाही, तेवढा एकच मुद्दा तिच्या बाजूने.

थंड दूध, ओवा, जिरं यांनी जळजळ शमेलही, जंतू मरत नाही. लस अजून नाही. स्वच्छ पाणी, संडासनंतर साबण, आणि बाळाला आपल्या तोंडात चावून घास भरवायचा नाही, बास.

ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळवलं, त्यांच्या आधी जग अल्सरचं खापर टेन्शन आणि तिखटावर फोडत होतं.

आत्याची शौचाची टेस्ट शेवटी निगेटिव्ह आली, गोळी बंद करून नीट केलेली. रक्ताचा रिपोर्ट काढला तर अजूनही पॉझिटिव्ह यायचा, म्हणून काढतच नाही.