फॉस्फरस

फॉस्फरस : अधातू मूलद्रव्य. अणुक्रमांक १५, अणुभार ३०.९७. निसर्गात मुक्त स्थितीत आढळत नाही; फॉस्फेटांच्या रूपात खडकांत, मातीत व सर्व सजीवांत असतो. शेतीच्या व्यवहारात यालाच स्फुरद म्हणतात.

हॅम्बुर्गचा किमयागार हेनिग ब्रांट याने सु. १६६९ मध्ये मूत्र आटवून हे मूलद्रव्य मिळवले, असे सामान्यतः मानतात. रॉबर्ट बॉइल यांनी १६८० च्या सुमारास ते स्वतंत्रपणे तयार केले. हाडांतील फॉस्फरसाच्या शोधाचे श्रेय स्वीडिश रसायनज्ञांपैकी कोणी शेले यांना, तर कोणी गान यांना देतात. गान यांचे निरीक्षण आधीचे दिसते. हाडांपासून फॉस्फरस काढण्याची रीत मात्र शेले यांनी १७७१ मध्ये मांडली.

फॉस्फरसाच्या निरनिराळ्या रूपांपैकी पांढरा फॉस्फरस अत्यंत विषारी असतो. हवेत तो ३०° से.च्या आसपास पेट घेऊ शकतो, म्हणजे मुंबईच्या साध्या दुपारीही. म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. काड्यापेट्यांच्या कारखान्यांत त्याच्या वाफांनी कामगारांच्या जबड्याची हाडे सडत. १९०६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानंतर काड्यापेट्यांतील त्याच्या वापरावर बंदी येत गेली. भारतात तसा कायदा १९१३ मध्ये झाला. आजच्या काडेपेटीच्या बाजूच्या पट्टीत तांबडा फॉस्फरस असतो, काडीच्या गुलात नव्हे. उंदीर मारण्याच्या काही पेस्टमध्ये पांढरा (पिवळा) फॉस्फरस असतो. तो पोटात गेल्यास यकृत निकामी होऊ शकते आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. सुरुवातीला रुग्ण बरा वाटला तरी त्याला ताबडतोब रुग्णालयात नेणे अत्यावश्यक आहे.

प्रौढ शरीरात सु. ७०० ग्रॅ. फॉस्फरस असतो, पैकी सु. ८५% हाडांत व दातांत. उरलेल्यावर पेशीपटल, डीएनए आणि ऊर्जावाहक एटीपी अवलंबून आहेत. एटीपीचा शोध १९२९ चा. प्रथम प्रकाशनामुळे श्रेय जर्मन जीवरसायनज्ञ कार्ल लोमान यांना जाते. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे वेगळा केला. शोध दोन्हीकडचा मानणे अधिक न्याय्य वाटते. याच जोडीने १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची रीत दिली : प्रथिने काढून टाकलेल्या नमुन्यात आम्लयुक्त अमोनियम मोलिब्डेट घालतात, तयार झालेल्या संयुगाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करतात आणि उमटणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरवतात. आजच्या स्वयंचलित यंत्रांतही मोलिब्डेटची हीच अभिक्रिया वापरतात. प्रौढांच्या रक्तद्रवात हे प्रमाण सु. २.५ ते ४.५ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर असते.

आहारात त्याची उणीव सहसा पडत नाही. काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली, दूध व डाळी यांतून तो मिळतो. कडधान्यांतला बराचसा भाग फायटेट या सहज न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो. मटकीला मोड आणल्यावर तो काही अंशी मोकळा होतो. मूत्रपिंडाच्या विकारात मात्र फॉस्फरस रक्तात साठतो. अशा रुग्णांना कोला व प्रक्रिया केलेले पदार्थ वर्ज्य करायला सांगतात.

खनिज फॉस्फेटाचा सर्वाधिक वापर खतांसाठी होतो. उदयपूरजवळ झामरकोट्र्याला त्याच्या खाणी आहेत, पण देशाची गरज मुख्यतः आयातीवर भागते. चेंबूर-तुर्भे परिसरातील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या ‘सुफला १५:१५:१५’ या खतातील मधला आकडा स्फुरदाचा. मात्र तो फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या (फॉस्फरस व ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या) हिशेबात असतो. मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस त्यात जेमतेम साडेसहा टक्के. पिकाने खतातला फॉस्फरस किती घेतला, हे फॉस्फरस-३२ या किरणोत्सर्गी समस्थानिकाने (अर्धायुकाल सु. १४.३ दिवस) तपासता येते.

सांडपाण्यातून व धुण्याच्या पावडरींतून फॉस्फेट जलाशयांत उतरते. पवई तलावावर पसरणाऱ्या जलपर्णीला असेच पोषण मिळते. ती उपटून दूर नेल्यास तिच्यातला फॉस्फरसही पाण्याबाहेर जातो; काठावर कुजू दिल्यास पहिल्याच पावसात तो तलावात परततो.