डीलरकडून जुनी गाडी घेताय? आरसीवर नाव लागेपर्यंत काय काय बघायचं

माझ्या मावसभावाने एका डीलरकडून जुनी गाडी घेतली. पैसे पूर्ण दिले, चावी मिळाली, ‘आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) महिनाभरात घरपोच’ असं ठरलं. पण आरसीवर आधीच्या कर्जाचा बोजा तसाच होता, बँकेच्या एनओसीची (ना हरकत पत्राची) मुदत टळली होती आणि मूळ मालक गाव सोडून गेला होता. नाव लागायला अकरा महिने गेले. हे टाळता येतं, म्हणून नीट सांगतो.

गाडी बघण्याआधी डीलरचं आरटीओचं अधिकारपत्र बघायला मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं आणि त्याची मुदत पाच वर्षं असते. मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो आणि तिथून त्या गाडीची जबाबदारी डीलरवर येते. या नोंदीची प्रत मागून घ्या. अजूनही काही जण मालकाच्या सह्या घेतलेले नाव बदलण्याचे कोरे २९-३० फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळालं की नाव भरतात. अशा गाडीच्या वाट्याला कृपा करून जाऊ नका.

नाव बदलण्याचा अर्ज ‘परिवहन’ पोर्टलवर होतो. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० घेणाऱ्याचा. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड आणि फोटो. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. तिच्यावरची तारीख आवर्जून वाचा. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर आधी फॉर्म ३१ ने गाडी व्हायला हवी. परराज्यातली, विशेषतः दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो धरून किंमत काढा.

घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करायला १४ दिवस असतात, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही. विकणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं: नोंद बदलली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

गाडीजवळ गेल्यावर चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, स्वतः वाचा. कोरलेल्या अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो आरसीशी एकेक अक्षर जुळवा. एखादं अक्षर खोल, एखादं उथळ किंवा भोवतीचा रंग ताजा वाटला तर तिथेच थांबा. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. सीट धुऊन चकाचक करता येते, पण पट्ट्याच्या आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ बरेचदा राहून जाते.

गाडीच्या नंबरवर ई-चलान किती थकलंय तेही तपासा आणि ती रक्कम डीलरकडून भरून घ्या. टोकन देताना पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि नाव लावून देण्याची तारीख लिहून घ्या. थोडी रक्कम हातात राखून ठेवा. आरसी तुमच्या नावाची झालेली पोर्टलवर दिसली की मगच ती द्या.