वाशी कागदाची कारागिरी शिकणे

वाशी म्हणजे सालीच्या आतल्या धाग्यांपासून हाताने केलेला जपानी कागद. कोझो (तुतीच्या कुळातले झुडूप), मित्सुमाता आणि गाम्पी ही त्याची मुख्य झाडे. शिमाने प्रांतातील सेकिशू-बान्शी, गिफूतील होन-मिनोशी आणि साइतामातील होसोकावा-शी या तीन कागदांची कारागिरी २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. तिन्ही निव्वळ कोझोचे.

शिकणाऱ्याचे खरे शिक्षण लगद्याच्या हौदापाशी येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. हिवाळ्यात तोडलेल्या फांद्या वाफवून साल सोलायची, वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडायचा, पांढरी साल राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात शिजवायची. सेकिशू-बान्शीसाठी काळ्या-पांढऱ्याच्या मधला हिरवट थर थोडा राखतात, कारण कागदाला त्यानेच बळकटी येते. सुरी कुठे थांबवायची हे हाताला कळावे लागते. मग ‘चिरितोरी’: गार पाण्यात शिजलेल्या सालीची एकेक पट्टी बोटांवर पसरून त्यातला प्रत्येक काळा कण वेचायचा. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम, पण तासन्तास, ओल्या हातांनी. याला हलके समजू नये. साल कुठे कच्ची राहिली हे इथेच बोटांना समजू लागते.

कुटलेला लगदा हौदात पडला की त्यात तोरोरो-आओईच्या मुळांचा चिकट द्रव, म्हणजे ‘नेरी’, मिसळतात. ही वनस्पती भेंडीच्याच प्रजातीतली. गुऱ्हाळात रसाची मळी काढायला भेंडीचे पाणी घालतात. इथे मात्र नेरी धागे पाण्यात तरंगते ठेवते आणि पाणी सावकाश निथळू देते. उष्म्याने तिचा चिकटपणा उतरतो, म्हणून चांगला कागद थंडीतलाच.

बांबूच्या बारीक काड्यांची चटई लाकडी चौकटीत धरून लगदा पुन्हा पुन्हा उचलायचा, हलवायचा आणि उरलेले पाणी झटक्यात फेकायचे, ही ‘नागाशिझुकी’ पद्धत. गिफूतल्या मिनोत चौकट मागेपुढे आणि आडवीही हलवतात, त्यामुळे धागे एकमेकांत घट्ट गुंततात. ओले कागद मध्ये कापड न घालता एकावर एक रचतात, दाबून पाणी काढतात, आणि तरीही ते सुटे निघतात! एक देखणा कागद नवशिक्यालाही जमून जातो. दिवसभर सारख्या जाडीचे कागद काढणे मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

पूर्वी ही विद्या घरातच, आईवडिलांकडून मुलांकडे जाई. आता जतन संस्थांमधले जाणते कारागीर बाहेरून आलेल्यांनाही हाताशी घेऊन शिकवतात. कागदाच्या काही गावांत शाळकरी मुले आपल्या शाळा सोडतानाच्या प्रमाणपत्राचा कागद स्वतःच करतात.