जिनिंगच्या पडीक जागेतली टिटवी

परभणीत आमच्या घरामागं एक बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. अर्धी पडलेली कंपाउंडची भिंत, गंजलेले पत्रे, गोदामाचं नुसतं जोतं, लोक म्हणतात तिथं काय आहे, येडी बाभळ अन् साप. मागच्या आठवड्यात आत गेलो तर खडीतून टिटवी केकाटत उठली. वाकून बघितलं तरी अंडी दिसंनात, मग दिसली, चार, खडीच्याच रंगाची, वर काळे ठिपके, आणि घरटं म्हणाल तर नुसता खळगा. तिला अशीच उघडी जमीन लागते, झुडपं माजली की ती जागा सोडते.

आपल्याकडं काळं रान म्हणजे सोनं, पण अशा जागेचं गणित उलटं असतं बघा. सुपीक मातीत दोन-चार दांडगी गवतं-झुडपं भराभर वाढून बाकीच्यांचं ऊन खातात. विटांचा चुरा, चुना, खडी असल्या भिकार जमिनीत ती दादागिरी कुणालाच जमत नाही, म्हणून बारक्या बारक्या बऱ्याच जातींना जागा मिळते. रुई तर हटकून येते. तिचं पान उलटून बघा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी सापडंल, ती त्या विषारी चिकाचं पान खाऊनच वाढते आणि विष अंगात साठवते, त्यामुळं पुढं तिचं नारिंगी फुलपाखरू झालं तरी पक्षी सहसा त्याच्या नादी लागत नाहीत.

जर्मनीत बर्लिनला असंच एक रेल्वे यार्ड होतं, सुडगेलेंडे नावाचं. शहराची फाळणी झाली, 1952 ला तिथलं काम थांबलं, आणि पुढं कितीतरी वर्षं रुळांमधून झाडं आपोआप उगवत गेली. नंतर तिथं नवं मालगाडी स्टेशन करायचं ठरलं तेव्हा लोकच आडवे आले. आज ते 18 हेक्टरचं निसर्ग उद्यान आहे, 2000 साली उघडलं, आणि माणसांसाठी जमिनीपासून थोडी उंच लोखंडी पायवाट केली म्हणजे कुणी रोपं तुडवू नये. पण नुसतं सोडून दिलंय असं नाही हं, काही भाग मुद्दाम मोकळा ठेवतात, नाहीतर सगळं जंगलच होईल. आपल्याकडं हे काम येडी बाभळीपाशी करावं लागंल, ती मूळची मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची, मोकळी सोडली तर रान गिळते.

परवा गल्लीतले म्हणत होते, दोन टिपर काळी माती टाकून लॉन करून टाकू. म्हणलं अंडी उबायला महिनाभर लागतो, तेवढं तरी थांबा.